ताईच्या टोपलीची मोटर

शुब्रा, कैरो

आदरणीय फिक्रीदादास,

धाकट्या सुबहीचा सलाम आणि ताईकडून दोन्ही गालांवर मुके. मॉन्ट्रियलच्या बर्फात तुझे गुडघे काय म्हणतात? वहिनी अजून तूप खाऊ देत नाही का? बरंच करते. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे ताईचा खांदा, माझं पोट आणि बयूमी वाण्याचा चष्मा सोडून. त्यातलं खांद्याचं आधी सांगतो.

आपल्या इन्शिराहताईला आता हात डोक्यावर नेता येत नाही. चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून टोपली सोडायची, खाली बयूमीने रोट्या, अंडी, लोणचं भरलं की दोर ओढून वर घ्यायची, हे तिचं जन्माचं काम. तेच जड जायला लागलं. तिच्या हाझेमने (पोरगा गुणी आहे, पण इंजिनियर झाल्यापासून आईलाही नकाशावरच्या रेघेसारखी इकडून तिकडे सरकवायला बघतो) लगेच ठरवलं की तिला वाळवंटातल्या नव्या वसाहतीत, स्वतःकडे न्यायचं. तिथे लिफ्ट आहे. हाक मारायला खाली कोणी नाही. ताई म्हणाली, "माझी टोपली खाली जातेय तोवर मी ह्या घरातून हलणार नाही." हाझेम म्हणाला, ठीक आहे, शुक्रवारी येऊन बघतो.

दादा, ती टोपली थांबून कसं चालेल? त्या टोपलीचं आपल्यावर काय ऋण आहे ते तुला सांगायला नको. बाबांनी आपल्या रेडिओच्या खटाटोपावर बंदी घातली (कपॅसिटर फुटला तेव्हा ते दुपारचे आडवे झाले होते आणि लढाई सुरू झाली समजून पलंगाखाली गेले), तेव्हा बाब अल-लूकच्या दुकानांतून तू आणलेल्या तारा, कॉइल, ट्रान्झिस्टर सगळं ताईने ह्याच टोपलीतून, कोथिंबिरीखाली लपवून वर घेतलं. गच्चीवर कबुतरांच्या खुराड्याला एरिअल बांधून आपण तिघं एकच इअरफोन आळीपाळीने कानाला लावायचो. पहिल्यांदा ऐकू आले ते कापसाचे भाव. तरी ताई रडली. तेवढा आनंद मला पुढे माझ्या लग्नातही झाला नाही (हे वहिनीला वाचून दाखवू नकोस, ती आमच्या हिला फोन करते).

तर मी पुन्हा बाब अल-लूक गाठलं. भंगारातल्या टॅक्सीच्या वायपरची मोटर, ती चालू-बंद करायला एक रिले, एक सर्किट बोर्ड आणि माणसाचा आवाज ओळखणारं काड्यापेटीएवढं कार्ड आणलं. शब्द ऐकला की टोपली वर, जरा थांबून आपोआप खाली. आता शब्द कोणता? बयूमी सामान भरून झालं की वर बघून म्हणतोच, "इत्फद्दल." म्हणजे घ्या. मी यंत्राला तोच शिकवला आणि इथेच माती खाल्ली. अरे, आपल्या गल्लीत हा शब्द कोणाच्या तोंडी नाही? चहा पुढे करताना, खुर्ची देताना, वाट सोडताना, ज्याने येऊच नये असं मनापासून वाटतं त्याला जेवायला बोलावताना. टोपली दिवसभर वर-खाली. रिकामी आली, बयूमीचा चष्मा घेऊन आली, एकदा मांजर घेऊन आली. दोन म्हातारे दारात एकमेकांना आधी तुम्ही, नाही आधी तुम्ही करत राहिले, तेव्हा तर ती अधांतरी नाचली आणि डझनभर अंडी शेजारणीच्या चादरींवर गेली. शेजारीण त्यानंतर जे बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

शुक्रवारी हाझेम जिन्यात असताना रिले चिकटला आणि मोटर जळली. मी दोराचं टोक खोलीत ओढून घेतलं आणि खिडकीच्या झडपेआड उभा राहिलो. यंत्राच्या खोक्यावरचा लाल दिवा तेवढा इमानदारीने चालू होता. खाली बयूमी इत्फद्दल म्हणाला आणि मी ओढत सुटलो. हाझेमने फोनवर चित्रीकरण केलं, नंतर माझ्या डोक्याचा मुका घेऊन म्हणाला, "मामा, मानलं तुम्हाला. आई इथेच राहू दे."

तेव्हापासून रोज सकाळी सर्व्हिसिंगच्या नावाखाली जातो आणि झडपेआड मोटर होतो. ताईला पत्ता नाही. नवी मोटर आण म्हणशील. आणली आहे, खोक्यातच आहे. काम झालं की ताई चहा करते आणि आम्ही गच्चीवरच्या रेडिओच्या गोष्टी काढतो. मोटर बसवली तर मी कोणत्या तोंडाने रोज जाऊ?

तुझा,
सुबही

ता. क. पोटाचं राहिलंच. हर्निया आहे. पुढच्या महिन्यात ऑपरेशन, नंतर वजन उचलायचं नाही. तेवढ्यापुरती मोटर बसव म्हणशील, तर तू येऊन बसव. माझा हात आता सोल्डरिंगला थरथरतो. तुझा डाग नेहमीच चांगला बसायचा.

ता. क. २. पाकिटाला डिंक ताईकडेच मागावा लागला, म्हणून तिने पत्र वाचलं. म्हणाली, "मोटर खोकत नाही, सुबही. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे." मग तिने बयूमीला हाक मारून तीन कप मागवले. आपण दोघंच तर आहोत, म्हटलं. तर म्हणाली, "आणि फिक्रीला चहा कशात देऊ?" कप वर आले. मीच ओढले.