मळ्यात जोडा चालत नाही

ता. १६ डिसेंबर १९३६, सकाळ

बारामतीचे नारायणराव डॉक्टर म्हणाले, पायाचा रोज रिपोर्ट लिहीत जा. वही आणली. माझी तिसरी यत्ता झाली आहे, लिहिता येतं. वही मात्र डॉक्टरांना दाखवणार नाही. त्यांना वाटेल पेशंट घाबरट आहे.

उजवा पाय. घोट्यापासून पोटरीपर्यंत सूज, चार वर्षांची. डॉक्टर म्हणाले हत्तीपाय, अजून सुरुवात आहे. मला पटलं नाही. हत्तीपाय मी पाहिले आहेत. ते दुसऱ्या माणसांचे असतात.

संकल्प: संक्रांतीपर्यंत पाय पूर्ववत करणे.

ता. १६, दुपार

डॉक्टरांच्या ऑर्डरी विसरायच्या आत उतरवून ठेवतो. पाय रोज साबणानं धुवा. बोटांच्या बेचक्या फडक्यानं कोरड्या करा, मग खोबरेल. भेग किंवा ओरखडा दिसला तर त्याच दिवशी दवाखान्यात या. बसाल तिथं पाय वर ठेवा. पट्टी बोटांपासून वर गुंडाळत न्या, खाली घट्ट, वर सैल. अनवाणी पाऊल टाकू नका. अंगातलं पाणी परत नेणाऱ्या बारीक वाटा पायात बुजल्या आहेत, त्या पुन्हा उघडायच्या नाहीत. पाय बरा होणार नाही, पण सांभाळला तर वाढणारही नाही. ताप आला की दर खेपेला थोडा जास्त जाड होऊन बसेल.

सगळं पटलं, एक सोडून. आमचा पानमळा आहे, कन्हेरीच्या वाटेला. पानमळ्यात जोडा घालून कोणी शिरत नाही. वडिलांच्या वेळेपासून नाही. नागवेल विटाळ सोसत नाही, जळून जाते. एकदा पानांचा व्यापारी बूट घालून आत आला तर मी त्याला हाताला धरून बाहेर काढला होता. डॉक्टर पुण्यात शिकलेले. त्यांना पान विड्यात दिसतं, वेलावर नाही.

ता. १८ डिसेंबर

खरी गोष्ट दोन दिवस लिहायची टाळली. आज लिहितो.

दसऱ्याला पाय धरून ओट्यावर बसलो होतो. मुलगा सर्जेराव मळ्यातून आला, बघत उभा राहिला आणि म्हणाला, तात्या, तुमाला हिंडवत न्हाय तर मोडू मळा आन् लावू ऊस. उसात कुनी अनवाणी हिंडाय लागत न्हाय.

इंदापूरकडं साखरेचा कारखाना झाल्यापासून ज्याच्या त्याच्या तोंडात ऊस. अर्थ स्वच्छ आहे. मी हिंडतो तोवर वेल उभे, मी बसलो की कुऱ्हाड. हे वेल वडिलांनी लावले, मी चाळीस वर्षं बांधले. तेव्हा बसायचं नाही. पाय वर ठेवायचा तो सर्जेराव घरी नसताना.

ता. २१ डिसेंबर

सर्जेरावाच्या आईनं चांभाराकडून रुंद जोडा करवून आणला. उत्तम आहे. घरात घालतो, अंगणात घालतो, बाजेवरही घालतो. मळ्याच्या दाराशी काढतो. हिशेब केला: जोडा दहा तास पायात, मळ्यातले सहा तास तेवढा बाहेर. म्हणजे डॉक्टरांचं बहुतेक पाळलंच.

सर्जेरावाची आई म्हणाली, बाजंवर जोडा घालून कुनाला दावताय, ढेकणांना?

ता. २४ डिसेंबर

पट्टीचा विचार केला. डॉक्टर म्हणतात खाली घट्ट, वर सैल. इथं त्यांची चूक आहे. मी जन्मभर पाटाचं पाणी खेळवलं. पाणी वरून खाली येतं. खालचा वाफा भरत असेल तर दार वर लावायचं. म्हणून पट्टी गुडघ्याखाली करकचून बांधली. घोट्याला नुसती शोभेला गुंडाळली.

पाय धुण्याचं काम वेगळं ठेवलं नाही. मळ्यात पाय सकाळपासून पाण्यातच असतो.

ता. २८ डिसेंबर

घोट्याचं माप घेतलं. लव्हाळ्याची दोरी करून गाठ मारली होती. आज दोरी एक बोट पुढं आली. सूज एक बोट कमी.

आमचा गडी बिरू जवळ उभा होता. म्हणाला, तात्या, दोरी आवळतायसा. तुमच्या हातानं म्हशीची मान बी बोटभर कमी भरंल. बिरूला कामापेक्षा बोलणं जास्त येतं.

ता. ३ जानेवारी १९३७

पाऊल फुगलं आहे. बोटं आखूड दिसतात. कारण समजलं: बांधाखाली जुनं पाणी अडकलं आहे. नवीन यायचं थांबलं, हे महत्त्वाचं. जुनं आपोआप जिरेल. बांध आणखी आवळला.

करंगळीच्या बेचक्यात चिखल्या झाल्या आहेत. पांढरं पडलं आहे, चरचरतं. चिखल्या सगळ्यांनाच होतात. डॉक्टरांनी भेग आणि ओरखडा म्हटलं होतं, चिखल्या म्हटलं नव्हतं.

ता. ९ जानेवारी

चिंतेची गोष्ट. मळ्याच्या खालच्या अंगाला गेल्या साली पाच-सहा ओळींतले वेल मर रोग लागून गेले. वेल चढवायच्या शेवऱ्या तेवढ्या उभ्या आहेत. सर्जेराव आणि बिरू तिथं दोन दिवस कुदळ मारत आहेत. शेणखत ओतलं. पेंडीची पोती आली. मी विचारलं, काय चाललंय. सर्जेराव म्हणाला, बघाल की. तुमी बसा तात्या, मी करतो.

बसा. हा शब्द त्यानं आज तीन वेळा म्हटला. मी मोजला.

ता. १४ जानेवारी, संक्रांत

पाय पूर्ववत झाला नाही. पण मी संक्रांत म्हटलं होतं, कोणती ते लिहिलं नव्हतं. तरी टाळाटाळ नको म्हणून नवी तारीख: होळी.

तिळगूळ द्यायला लोक आले तेव्हा पाय धोतराच्या घोळाखाली घेतला होता. कोणाला काही कळलं नाही. सगळे पायाकडं बघू नये तसे वर छताकडं बघत होते.

ता. १९ जानेवारी

सर्जेराव इंदापूरला जाऊन आला. महिन्यात दुसरी खेप. काय काम म्हटलं तर, हाय एक. कारखाना तिकडंच आहे. उसाचा करार झाला असणार.

आजपासून मळ्यात दोन फेऱ्यांऐवजी तीन. त्याला दिसेल अशा.

ता. २३ जानेवारी

वेल बांधताना पांगाऱ्याचा काटा नडगीवर ओढला गेला. बोटभर लांब ओरखडा. डॉक्टरांकडं त्याच दिवशी जायची ऑर्डर आहे. पण ते बघून आठ दिवस निजायला सांगतील, आणि आठ दिवसांत सर्जेराव मळा साफ करील. मळ्यातलीच ओली माती लावली. माती थंड असते. घरी सांगितलं नाही.

ता. २५ जानेवारी

ओरखड्याभोवती थोडं लाल. माती सुकली की पडते, पुन्हा लावतो. माप घेतलं नाही. दोरी सापडत नाही.

ता. २७ जानेवारी

आज मी मळा वाचवला. सविस्तर लिहितो.

सर्जेराव बारामतीला बाजाराला गेला होता. बिरू सकाळी बोलून गेला की आज इंदापूरची गाडी येणार, सर्जेरावांचा माल हाय. मी समजलो. जोडा न घालता निघालो, कारण जोडा आता पायात शिरत नाही. सडकेला जाऊन बाभळीखाली उभा राहिलो. सकाळपासून सूर्य डोक्यावर येईपर्यंत. एकदाही बसलो नाही.

गाडी आली. वर ओली पोती झाकलेली. गाडीवाल्याला म्हटलं, मळ्याचा मालक मी आहे, गाडी फिरव. तो म्हणाला, आवो आजोबा, बघा तर खरं काय हाय. मी म्हटलं, बघायचं नाही, फिरव. तो म्हणाला, आवो, उनात सुकंल ह्ये. मी म्हटलं, सुकू दे. मी बैलांच्या पुढं जाऊन उभा राहिलो. त्यानं थोडा वेळ माझ्या पायाकडं बघितलं आणि गाडी फिरवली.

घरी येताना दोनदा थांबलो. पण काम फत्ते.

ता. २८ जानेवारी

थंडी वाजते. दोन घोंगड्या. जांघेत अवधाणाची गाठ आली आहे, लिंबाएवढी. पाय लाल, गुडघ्यापर्यंत. हात लावू देत नाही. प्रवासाचा शीण.

ता. २९ किंवा ३०

सर्जेराव डॉक्टरांना आणायला गेला. मी नको म्हणालो होतो. लिहवत ना

ता. १९ फेब्रुवारी

तीन आठवड्यांनी वही हातात. सर्जेरावाच्या आईनं उशाखालून काढून दिली. तिला वाचता येत नाही, ते बरं आहे.

डॉक्टर चार वेळा येऊन गेले म्हणतात. मला एकच आठवतं. त्यांनी गुडघ्याखालची पट्टी कात्रीनं कापली, तिचा वळ बघितला आणि विचारलं, हे कोणी बांधलं. मी डोळे मिटले.

आज पुन्हा आले. ताप गेला, अवधाण उतरलं. पाय उतरला नाही. चामडी राठ झाली आहे, दाबली तरी खड्डा पडत नाही. डॉक्टर म्हणाले, डिसेंबरात मऊ होता, तेव्हा सांभाळला असता तर तेवढ्यावरच राहिला असता. आता आहे एवढ्यावर राखायचा. मी विचारलं, किती दिवस. ते म्हणाले, आहात तोवर. मळ्याचं नावही काढू नका. मग जाताना दाराशी थांबून म्हणाले, काढायचंच तर जोडा घालून.

ते गेल्यावर सर्जेरावाला म्हटलं, आता मी बसलो. तुझ्या मनासारखं झालं. मोड वेल, लाव ऊस.

तो म्हणाला, कुनी सांगितलं वेल मोडायचं?

मी म्हटलं, तूच. दसऱ्याला. आणि शब्दन् शब्द म्हणून दाखवला. तो बराच वेळ आठवत बसला. आठवेना. शेवटी म्हणाला, म्हणलो आसन तात्या. तुमचा पाय बघून जीव तुटला आसन, आन् तोंडातून ऊस निघाला आसन.

मग गाडीचं कळलं. इंदापूरच्या एका मळेवाल्याकडून त्यानं वेलांची रोपं सांगून ठेवली होती. दोन खेपा त्यासाठीच. खालच्या अंगाच्या मोकळ्या शेवऱ्यांवर वेल चढवायचे होते, मला शेवटी दाखवायचे होते. गाडी परत इंदापूरला पोचेपर्यंत सगळी रोपं सुकली. मळेवाल्याकडं आता दुसरी नाहीत.

मी म्हटलं, पोती झाकलेली होती, मला कसं कळणार. सर्जेरावाची आई म्हणाली, एवढी वही भरलीया, त्यात एकदा लेकाला इचारायचं लिवलं न्हवतं व्हय?

ता. २२ फेब्रुवारी

सगळ्या बाजूंनी विचार केला. चूक गाडीवाल्याची आहे. त्यानं पोतं उघडून दाखवायला पाहिजे होतं.

ता. २६ फेब्रुवारी

सर्जेरावाची आई डॉक्टरांकडून पट्टी बांधायला शिकून आली. सकाळी पाय धुते, बेचक्यांत फडकं फिरवते, तेल लावते आणि बोटांपासून वर गुंडाळते. खाली घट्ट, वर सैल. मी पाण्याचं आणि दाराचं तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, पाय हाय का पाट हाय. गुंडाळत राहिली.

पट्टीनं पाय हलका वाटतो. पण हे होळी जवळ आल्यामुळंही असेल.

ता. ४ मार्च

बिरूकडून कळलं, खालच्या अंगाच्या शेवऱ्या तोडल्या. जमीन खणून, खत घालून तयार होती. रोपं नव्हती. किती दिवस मोकळी ठेवणार. तिथं सर्जेरावानं ऊस लावला.

बाकीचे वेल आहेत तसेच आहेत. माझ्या एकाही फेरीशिवाय पाच आठवडे उभे आहेत. मी बिरूला विचारलं, पान कसं आहे. म्हणाला, ह्या साली पान मोठं हाय तात्या. मी म्हटलं, मी आधी बांधून ठेवलं त्याचं ते.

ता. २४ मार्च

नव्या मापाचा जोडा आला. तो घालून बैलगाडीतून मळ्यापर्यंत गेलो. सर्जेराव आतून अनवाणी आला. म्हणाला, तात्या, घालून या आत. मी हाय म्हणतो, कोन बोलतंय बघू.

मी वाकलो. जोडा काढायला हात घातला. सर्जेराव आणि त्याची आई दोघंही माझ्या हाताकडं बघत होते. हात परत घेतला.

जोडा घालून आत गेलो नाही. काढूनही गेलो नाही.

दाराबाहेर बाज टाकली आहे. त्यावर बसून पानांच्या जुड्या बांधायच्या, हे माझं काम ठरलं. पाय पालथ्या पाटीवर. आतलं सगळं सर्जेरावाची आई येऊन सांगते: कुठला वेल चढला, कुठला लोंबतो. तिचं बघणं वरवरचं आहे. ऐकून घेतो.

बाजेवरून वेल दिसत नाहीत, आड शेवऱ्या येतात. समोर दिसतो तो खालच्या अंगाचा ऊस. कोंभ चार बोटं वर आले आहेत. उगवण चांगली आहे. पाणी जरा जास्त देतात, ते सांगायला पाहिजे.