काडेपेटीएवढ्या कॅमेऱ्यातला माझा फोटो

प्रिय नोबुए,

पत्राच्या सुरुवातीला थंडीची चौकशी करावी, तळ्यावर धुकं किती उतरलंय ते लिहावं, अशी रीत आहे. आज ती राहू दे. आधी हे वाच: ऑपरेशन झालं, नीट झालं, आणि मी माझ्या पायांनी चालत घरी आले. काल नोझावानाच्या पाल्याचं लोणचं मुरतंय का ते बघायला पिंपावरचा दगड उचलायला गेले, तर तुझे भावजी मागून धावत आले आणि असे काही ओरडले की मांजर पळून गेलं. म्हणजे घर जागेवर आहे.

तुला फोनवर मी फार काही सांगितलं नव्हतं. नगरपालिकेच्या तपासणीचं कुपन आलं होतं, वाया कशाला घालवायचं म्हणून डोक्याचा फोटो काढून घेतला, आणि त्यात रक्तवाहिनीवर वाटाण्याएवढा फुगा निघाला. दुखत नाही, खुपत नाही. फुटला नाही तर काही नाही, आणि फुटला तर दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळेल की नाही सांगता येत नाही. डॉक्टर हिराबायाशी म्हणून तरुण बाई आहेत. त्यांनी सगळं नीट समजावलं, धोका किती तेही सांगितलं. मी मान डोलावत होते. ऐकू मात्र एवढंच आलं, की झोपवतील आणि कदाचित उठवता येणार नाही.

घरी आल्यावर पहिला विचार काय आला असेल? मी गेले तर काळ्या चौकटीत लावायला माझा धड फोटो नाही! तू हसशील, पण आपल्या वयाच्या सगळ्या जणींनी तो काढून ठेवलाय. शेजारच्या इशिगामी बाईंचा तर दर तीन वर्षांनी नवा असतो. माझा शेवटचा बरा फोटो आमच्या मादोकाच्या लग्नातला, त्यात माझ्या तोंडात कोळंबी आहे. जेवताना मी ह्यांना म्हटलं, "अहो, माझा एक फोटो काढा." ह्यांनी विचारलं, "कसला?" मी म्हटलं, "तसलाच."

भावजींचा मोठा कॅमेरा तुला माहीत आहे, कपाटात वरच्या खणात असतो. तो त्यांनी काढलाच नाही. काढला असता तर फोटो कशासाठी ते घरात उघड झालं असतं. त्याऐवजी त्यांनी काचेच्या कपाटातून त्या चिमुकल्या प्रतिकृतींपैकी एक उचलली. निवृत्त झाल्यापासून त्यांना हा नाद लागलाय. जुन्या नावाजलेल्या कॅमेऱ्यांच्या हुबेहूब नकला, काडेपेटीएवढ्या, कातडं लावलेल्या, आणि आत खरंच डिजिटल कॅमेरा. हा दोन भिंगांचा होता, वरून झाकण उघडून खाली वाकून बघायचा. जोडीला नखाएवढा पडदा. तो त्यांनी अशा कौतुकाने हातात धरला, जसं काही नवजात पिल्लू आहे. "गंमत म्हणून याच्यावरच काढू," म्हणाले. गंमत हा शब्द त्यांनी तीनदा उच्चारला, तेव्हाच मला त्यांची दया आली.

मी राखाडी किमोनो नेसले, केस घट्ट बांधले, खिडकीशी बसले. हे आपले वाकलेले, एक डोळा मिटून, अंगठ्याने बटण शोधतायत. अंगठा बटणापेक्षा मोठा. दाबलं की तो कॅमेरा आधी विचार करतो आणि मग फोटो काढतो. तेवढ्यात मी शिंकते, मांजर मांडीवर चढतं, यांचा हात हलतो. "हलू नकोस गं!" "मी कुठे हलते? तुमचंच मनगट थरथरतंय!" असं तासभर चाललं. आयुष्यात आम्ही एकमेकांकडे इतका वेळ टक लावून बघितलं नसेल.

मग छापायला म्हणून हे कोपऱ्यावरच्या दुकानातल्या यंत्राकडे गेले, आणि उत्साहाच्या भरात थेट चौकटीच्या मापाचा मोठा छाप काढून आणला. नोबुए, काय सांगू! मी जांभळी. नुसती जांभळी नाही, वांग्यासारखी. भुवया गायब, नाक दोन्ही गालांवर पसरलेलं, हनुवटी चौकोनी ठिपक्यांत विरघळलेली. मागे भात शिजवायच्या भांड्याचा लाल दिवा बरोबर माझ्या डोक्यावर आलाय, त्यामुळे एक शिंग फुटल्यासारखं दिसतं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात ते असं.

आणि तोंड कुणाचं बघायचं, तर तुझ्या भावजींचं! उभा जन्म ज्या माणसाने भिंगांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काढला, माझ्या डोळ्यांना दिसतही नाही अशा ओरखड्यासाठी ज्याने भिंगं बाजूला काढली, तो हा फोटो हातात धरून उभा. "हे भिंग आहे का? बाटलीचं बूड बरं!" म्हणून त्यांनी त्यांच्या छंद मंडळातले यागुची आहेत ना, त्यांना तिथल्या तिथे फोन लावला. यागुचींचा आवाज मला इथपर्यंत ऐकू येत होता. "अहो मियासाका, तो बघायचा कॅमेरा आहे, त्यातून बघायचा नाही! आमच्यात कुणी आजवर त्याचं बटण दाबलेलं नाही. तुम्ही फोटो काढायला निघालात होय?" हे म्हणाले, "अहो, डब्यावर तर लिहिलंय, फोटो निघतात." यागुची म्हणाले, "निघतात हो. बरे निघतात असं कुठे लिहिलंय?"

हे फोन ठेवून माझ्याकडे वळले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "ह्याच्यापुढे उदबत्ती लावली तर भटजी मंत्र विसरेल." आधी मी हसले. मग तेही हसले. इतके हसलो की मला वाटलं तो फुगा आत्ताच फुटतोय. आणि हसता हसता ह्यांचा चेहरा एकदम बदलला. कागद टेबलावर ठेवून म्हणाले, "मला मुळात हा फोटो काढायचाच नव्हता गं." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्या माणसाने मनातलं असं सरळ सांगितल्याचं मला आठवत नाही. मी त्यांचा हात धरला. दुसरा फोटो काढायचं दोघांनीही नाव घेतलं नाही.

आता ऑपरेशनचं सांगते, नीट ऐक. डोकं उघडत नाहीत. मांडीतल्या शिरेतून केसासारखी बारीक नळी वर नेतात आणि त्या फुग्यात तारेची गुंडाळी भरून टाकतात. माझा एक केसही कापला नाही. नोबुए, मी भित्री आहे हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? लहानपणी वीज चमकली की तुझ्या पांघरुणात शिरणारी मी, थोरली असून. पण त्या दिवशी चाकांच्या पलंगावरून नेताना मला भीती वाटायला सवडच झाली नाही. डोळ्यांपुढे एकच चित्र. मी गेले, घरात दुसरा फोटो नाही, हा हट्टी माणूस ते जांभळं वांगं काळ्या चौकटीत घालून पितरांच्या देव्हाऱ्यापुढे मांडणार, आणि इशिगामी बाई पांढरा रुमाल डोळ्यांना लावून त्याच्याकडे बघणार. डोळ्यांचा रुमाल तोंडावर धरून हसतीलसुद्धा! मला असा संताप आला म्हणून सांगू! भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "आजी, घाबरलात का?" मी म्हटलं, "नाही, मला घरी जायचंय."

शुद्धीवर आले तेव्हा हे उशाशी बसले होते. घसा कोरडा पडलेला, तरी मी पहिलं विचारलं, "तो फाडलात का?" ह्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि मग रडायला लागले, दवाखान्यात, नर्सपुढे, रुमालसुद्धा न काढता. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. जगले म्हणून तर वाटलंच, पण कुणीतरी मला सोडायला तयार नव्हतं म्हणून जास्त वाटलं. फोटो आता फ्रिजवर चिकटवलाय. मादोका आली की त्याला नमस्कार करते आणि तिची पोरं किंचाळतात.

आता तुझ्याकडे वळते. सख्ख्या बहिणींनीही तपासून घ्यावं असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून तू तपासलंस, आणि तुझ्यातही तसाच फुगा निघाला. तू कळवलंस की ऑपरेशन नको, यजमान गेल्यापासून तसंही पुरे झालंय, आता शांतपणे आवरून ठेवते. आणि त्या पत्रासोबत तुझा तो फोटो पाठवलास, वेळ येईल तेव्हा चौकटीत लावायला म्हणून, मी सांभाळून ठेवावा म्हणून. इटोइगावातल्या मोठ्या स्टुडिओतला, मोत्यांची माळ, मान किंचित कललेली, गालावरचा तीळसुद्धा त्यांनी पुसलाय. फार सुंदर आहे. मी तो पाकिटातून काढून खिडकीशी धरला. त्यात तू मला दिसलीच नाहीस, नोबुए. तू गेल्यासारखी दिसलीस. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि तो फोटो ह्याच पाकिटातून परत पाठवते आहे. मी तो ठेवून घेणार नाही, आज नाही आणि नंतरही नाही, असा माणूस दुसरा शोध. हिराबायाशी बाईंना तुझे कागद दाखवले. माझ्यासारखंच मांडीतून करता येईल असं त्या म्हणाल्या, वेळही देऊन ठेवली आहे. शुक्रवारच्या गाडीने आम्ही दोघं तुला न्यायला येतो आहोत. दार उघडलं नाहीस तरी हरकत नाही, मी पायरीवर बसून राहीन, आणि थंडीत बहिणीला बाहेर बसवलं म्हणून अख्खी गल्ली तुला नावं ठेवेल. दोन दिवसांचे कपडे, दात घासायचा ब्रश आणि तुझी ती निळी शाल भरून ठेव. फोटो वगैरे काही आणू नकोस, तूच ये.

तुझीच, तुला अजून फार वर्षं छळणार असलेली,
चिझुरु ताई