मंगलची अट आणि रानातलं कुंड

४ फेब्रु.
पुन्हा तेच. मंगलच्या गुडघ्याचं ऑपरेशन २७ला ठरलंय, पण बायकोची अट कायम: आधी कोकणातल्या रानातल्या गरम पाण्याच्या कुंडात अंघोळ. गुण आला नाही तरच डॉक्टर. "मावशीला आला की गुण." घरचा जिना चढताना रडते, आणि ही बाई रान तुडवणार!

९ फेब्रु.
आज निघायचं होतं. नळाला पाणी आज येणार ते उद्यावर गेलं. चार दिवसांनी येणारं पाणी सोडून बायको काशीलाही जायची नाही. तिकिटं बदलली. चडफडाट.

१२ फेब्रु.
एसटीने हाडं खिळखिळी. पुढे पायवाट. वाडीतले आजोबा म्हणाले अर्धा तास. लागले अडीच. ओढ्यापाशी चुकलो ते वेगळंच. माझ्या पाठीवर कडक भाकरी, शेंगाचटणी, आणि कुंडाचं पाणी घरी न्यायला दोन कॅन. मंगल झाडाला धरून चाले, दगडावर बसे, पुन्हा उठे. तीनदा म्हटलं, फिरू मागे. ऐकेल तर शपथ.

कुंड सापडलं. वाफा, गंधकाचा वास, चिटपाखरू नाही. कमरेएवढं पाणी, भरून ओढ्यात चाललेलं. आणि हिनं काय करावं? काठावर बसून तांब्याने गुडघ्यावर घेतलं. सात-आठ तांबे. संपलं.
"अगं, उतर की आत!"
"सगळं पाणी घाण हुईल. मागनं येणाऱ्यानं काय करायचं?"
"वाहतंय गं ते!"
"म्हणून नासायचं व्हय?"
जन्म बादलीभर पाण्यात काढलेली बाई, काय बोलणार. रागाने मी एकटाच उतरलो. माझी कंबर मोकळी झाली. त्याचीही चीड आली.

१५ फेब्रु.
गुडघा टम्म सुजलाय, चालण्यानेच. म्हटलं, झाली ना अट पुरी? तर म्हणे, "ती कुटं अंगूळ झाली? आत कुटं उतरले मी? परत जावं लागंल."
डोकं फिरलं. नको ते बोललो. जेवली नाही.

१७ फेब्रु.
दवाखान्यातून फोन. २६ला ॲडमिट, नक्की ना? फोन हातात धरून मंगलकडे पाहिलं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.
"मी टेबलावरनं उठलेच न्हाय तर?"
इतके दिवस हे पोटात ठेवून मला कुंडाचं सांगत होती. आणि मी तिच्यावर ओरडत होतो.
भीती मलाही वाटते. फोनवर म्हणालो, तासाभरात कळवतो. तीन तास होऊन गेले.