मधलं दार

लांजा,
९ एप्रिल २०२५

प्रिय राही,

इकडे सगळं ठीक. तुझी तब्येत कशी आहे, आईंचे गुडघे काय म्हणतात, कळव. काजूच्या बिया वेचून झाल्या. अबोलीला पाणी घालतो. फोनवर तू फक्त ‘हो, नाही’ करतेस, म्हणून कागद घेतला.

डुकरांच्या नरांची चाचणी मोडली. दोन वर्षं तूच वजनं लिहिलीस, तुला काय सांगायचं. तीस किलोचा झाला की प्रत्येक डुक्कर वेगळ्या खणात, घातलेलं नि उरलेलं खाद्य रोज तोलायचं. कमी खाऊन जो लवकर नव्वदला पोचेल तो पैदाशीला. सतरा नंबर सगळ्यांच्या पुढे होता. पण संध्याकाळ झाली की भिंतीला नाक लावून ओरडायचा. पलीकडे त्याचा भाऊ, अठरा. मी उभा राहून त्याला समजवायचो.

कामाला येणारी सखू खणातली घाण काढता काढता म्हणाली, “भाऊ, तो काय तुमच्या सभेला आलेला नाय. त्याला सोबत हवी.”

मी दोन खणांमधलं दार उघडलं. तीन आठवडे दोघं एकत्र खात होते आणि मी वहीत दोघांच्या नावावर निम्मं निम्मं लिहीत होतो.

परवा गुरांच्या डॉक्टर दिशा नर निवडायला आल्या. त्यांनी सतरावर बोट ठेवलं, तेव्हा दाराचं नि निम्म्या आकड्यांचं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या,

“सर, अंदाजानं लिहिलेला आकडा म्हणजे लबाडी, असं तुम्हीच शेतकऱ्यांना सांगता ना?”

मी वहीतली ती पानं त्यांच्यापुढे ठेवली. दोघेही बाद झाले.

दार का उघडलं, ते लिहिताना तीन कागद फाडले. घरात तुझा आवाज नाही, राही. त्याचं ते ओरडणं मला ऐकवेना.

डुक्कर पाळण्यात कमीपणा नाही, हे मी मरेपर्यंत सांगेन. पण माझ्या प्रत्येक भाषणाची शिक्षा गावानं तुला दिली. जानेवारीत हळदीकुंकवाला तू सतरंजी अंथरून बसलीस. दिवेलागणीपर्यंत एक बाई आली नाही. तू तिळगुळाचं ताट झाकलंस, आणि मी तुला समाजाच्या अज्ञानावर अर्धा तास ऐकवलं. तुझ्याशेजारी नुसतं बसायला हवं होतं.

रविवारी सकाळच्या एसटीनं चिपळूणला, तुझ्या माहेरी येतो. ‘परत चल’ म्हणावंसं वाटतं. पण आधी त्या दिवशी तुझं राहिलेलं बोलणं तू बोल. शिव्या दिल्यास तरी चालेल. मी मध्ये बोलणार नाही.

तुझा,
भागोजी