न्कोलबांगच्या टेकडीवरील पाचोळा न झाडण्याबाबत

प्रति,
मा. उपजिल्हाधिकारी साहेब,
उपजिल्हा कार्यालय, एबोमान, दक्षिण कॅमेरून.

विषय : आपण आमच्या गावी येऊ नये, याबाबत.
संदर्भ : अर्जदाराच्या सत्कारासाठी येत असल्याचे आपले प्रेमळ पत्र.

महोदय,

१. अर्जदार डॉ. सॉलांज म्वोंदो ही न्कोलबांगच्या जंगलातील वनस्पतींचा अभ्यास करते. आपण स्वतः येऊन पदक देणार, हे वाचून तिला आनंद झाला. आनंद ओसरायच्या आत गावात खराटे निघाले.

२. आपण उतरता त्या विश्रामगृहामागच्या टेकडीवर, कुजक्या पानांखाली एक वनस्पती राहते. तिला पाने नाहीत, हिरवेपणा नाही. मातीतल्या बुरशीच्या जिवावर ती जगते आणि फुलण्यापुरते डोके वर काढते. फूल वाटाण्याएवढे. दुसरीकडे ती अजून कुणाला सापडलेली नाही. उमललेले फूल हाती आल्याशिवाय तिला नाव देता येत नाही. नाव नाही तर सरकारी यादीत जागा नाही, आणि यादीत नसलेल्या रोपासाठी टेकडीवरची लाकूडतोड कोणी थांबवत नाही. उपटून कुंडीत लावल्यास मरते. (लावून पाहिली.)

३. गेल्या पावसाळ्यात कळी आली आणि आपण आलात. टेकडी झाडली गेली, कळीसकट. त्याआधी कळी आली तेव्हा आपण येणार होतात, आला नाहीत. टेकडी तरीही झाडली गेली.

४. आता पुन्हा कळी आहे. अर्जदाराने मुखिया एसोमो यांना विनवले. ते म्हणाले, "डॉक्टरबाई, साहेबांच्या बुटाला पान चिकटलं तर नाक कुणाचं कापलं जाणार? तुमचं का माझं?" बिलोआ आजी, ज्यांचा खराटा गावात सर्वांत लांब पोचतो, म्हणाल्या, "पोरी, पाचोळा ठेवला तर शेजारचं गाव विचारेल, न्कोलबांगच्या बायका मेल्या काय गं?"

५. सबब आपण येऊ नये, ही

(परिच्छेद ५ रद्द. मुखियांनी खिडकीतून एवढे वाचले आणि ओरडले, "साहेब येत नाहीत? म्हणजे गेल्या वेळी घाण दिसली असणार!" खराटे आता ओढ्यापर्यंत न्यायचे ठरले आहे.)

५. (नवीन) सबब आपण अवश्य यावे. मात्र आपणांस पाचोळ्यावरून चालणे फार आवडते, असे शिक्क्यासह लेखी कळवावे. कारण विचारल्यास डॉक्टरांचा सल्ला म्हणावे. अर्जदार एका अर्थी डॉक्टर आहेच.

७. सहावा परिच्छेद लिहायला वेळ नाही. खराटे टेकडी चढत आहेत.

८. पुढील मजकूर अर्जदार पाचोळ्यात आडवी पडून लिहीत आहे. बिलोआ आजी म्हणाल्या, "ऊठ, साप चावेल." अर्जदार म्हणाली, "चावू दे." तेव्हा आजी कुरकुरत वाकल्या आणि बोटाने पाने सारली. फूल उमलले होते. आजी म्हणाल्या, "एवढंसं? आणि यासाठी तू लोळतेस?" मग, "बुटकं आहे, पण तोरा बघ मेल्याचा!" त्यांनी पाठीवरची मासे धरायची टोपली फुलावर पालथी घातली, शेजारी फतकल मारली आणि खाली ओरडल्या, "ए एसोमो! इथून वर कुणी झाडायचं नाही. बुटाची काळजी असेल तर साहेबांना म्हणावं, काढून या!"

९. त्यामुळे विषयात दुरुस्ती : आपण यावे. लवकर यावे, फूल फार टिकत नाही. कोणालाही न कळवता यावे. बूट टेकडीखाली काढावे लागतील. हा आदेश अर्जदाराचा नाही.

आपली नम्र (व मातीने माखलेली),
सॉलांज म्वोंदो
न्कोलबांग, १४ ऑक्टोबर

सोबत : कळीचे चित्र. फूल जोडलेले नाही, ते टोपलीखाली आहे. त्यास आपले नाव देण्याचा अर्जदाराचा विचार होता. आता आजींचे नाव ठरले आहे.