पंधरा तारखेच्या आत

१२ ऑगस्ट, मंगळवार

देवयानीला घरकर्ज नाकारलं. नोकरी आहे, पगार आहे, तरी नाही. बँकेतली रुचिता म्हणाली, "काकू, गाडीचं कर्ज नवराबायको दोघांच्या नावावर आहे. नवऱ्याने तीन हप्ते थकवलेत. ते हिच्याही क्रेडिट रिपोर्टवर दिसतात."

गाडी नील फिरवतो. डाग माझ्या मुलीला.

या कर्जावर घ्यायची ती मानपाड्याची खोली हातची गेली तर ही परत शहाडला, त्याच्याकडे जाईल. "इथे कायमची राहणार नाही," हे माझ्या घरात पाऊल टाकतानाच सांगितलंन. मनगटाची सूज अजून आहे. विचारलं की म्हणते, दारात सापडलं.

१३ ऑगस्ट

रुचिताला पुन्हा फोन. हप्ते भरले की रिपोर्ट लगेच सुधारतो? नाही. बँक पंधरा तारखेची आणि महिनाअखेरची स्थिती कळवते. मग ती रिपोर्टवर चढायला आणखी काही दिवस. "पंधराच्या आत जमा व्हायला हवेत, काकू. नाहीतर थेट सप्टेंबर."

देवयानी म्हणते, "नीललाच भरायला सांगते. गाडी त्याच्याकडे आहे." सांग. भरतोय तो!

मीच भरणार. तिला कळू द्यायचं नाही — कळलं तर घेणार नाही. रुचितालाही बजावलं.

१४ ऑगस्ट

गाडीचं कर्ज ज्या बँकेचं, तिथे चेक घेऊन गेले. खिडकीतली बाई म्हणाली, "चेक कशाला मॅडम? फोनवरून भरा, आत्ताच्या आत्ता जमा."

"आणि शिक्क्याची पावती तुमचा फोन देणार का?"

"वटायला वेळ लागेल हं. आणि खात्याला जावईबापूंचा नंबर आहे, जमा झाल्याचा मेसेज त्यांना जाईल. चालेल?"

मेसेज कुणाला का जाईना. पावतीवर शिक्का मारून घेतला.

१६ ऑगस्ट

काल सुट्टी. आज टेंभी नाक्यावर दहीहंडी, सकाळपासून भोंगे. चेक वटलेला नाही. पंधरा तारीख उलटली.

माझ्या हट्टापायी.

१८ ऑगस्ट, सोमवार

आज वटला. रिपोर्टवर मात्र पंधराची स्थिती जाणार — थकीत. खोलीचे मालक गुणाजी पाटील यांना फोन केला. "बाई, तुमच्या शब्दाखातर दहा सप्टेंबरपर्यंत थांबतो. पुढे नाही."

२४ ऑगस्ट

देवयानी हल्ली दार लावून नीलशी फोनवर बोलते. आज बाहेर आली तेव्हा चेहरा हलका होता. जेवताना मी म्हणाले, "ज्याने हात पिरगळला त्याच्याशी एवढं काय बोलायचं असतं?"

"तुला सगळं आधीच ठाऊक असतं ना, आई." ताट तसंच टाकून उठली.

२८ ऑगस्ट

तिच्या सासूचा फोन. गौरी आणायला घरची सून लागते म्हणे. "तीन दिवसांचा तर प्रश्न आहे," देवयानी म्हणाली. मी साडीला इस्त्री करून दिली.

३१ ऑगस्ट

सकाळी शहाडला गेली. आज महिनाअखेर. म्हणजे आजची स्थिती कळवली जाईल.

३ सप्टेंबर

गौरींचं विसर्जन काल झालं. देवयानी आलेली नाही.

८ सप्टेंबर

रुचिताचा फोन. "काकू, रिपोर्ट सुधारला! थकबाकी शून्य. देवयानीला सह्यांसाठी पाठवा."

देवयानी फोन उचलत नाही. चार वेळा केला.

९ सप्टेंबर

शेवटी तिनेच केला. आवाज दबका. "मानपाड्याचं राहू दे, आई. नील सुधारलाय गं. मी एकदा सांगितलं आणि सगळे हप्ते भरलेन. बँकेचा मेसेज दाखवला मला."

"कधीचा?"

"अठरा ऑगस्टचा."

पावती पर्समध्ये घातली आहे. शहाडला निघते.