थंडगार कलिंगड

३ मार्च
आले एकदाची! ताईकडे बस्तान बसलं, जंतूंच्या प्रयोगशाळेत नोकरीही सुरू झाली. ताईला आठ वर्षांनी दिवस गेलेत, सातवा लागलाय. भाऊजी तर तिला खाली पाय टेकवू देत नाहीत. घरचा फ्रीज बंद, दुरुस्तीवाला ‘उद्या येतो’ म्हणून गायब आणि आमच्या बाईसाहेबांना डोहाळे थंडगार कलिंगडाचे!

५ मार्च
मॅडमनी आज सूक्ष्मदर्शकाखाली आमचा जंतू दाखवला. महाबिलंदर आहे. पेशीचं दार फोडत नाही, तिला असं काही पटवतो की तीच त्याला आत घेते. मग तिच्याच धाग्यांचं शेपूट करून शेजारच्या पेशीत घुसतो. राबते ती पेशी! फ्रीजमध्येसुद्धा वाढतो म्हणे. मला हसूच आलं, किती भोळं असावं एखादीनं.

९ मार्च
प्रयोगशाळेतल्या खाण्याच्या फ्रीजमध्ये जागाच नसते. म्हणून कलिंगडाचा डबा नमुन्यांच्या फ्रीजमध्ये, खालच्या कप्प्यात ठेवते. दारावर मनाईचा कागद आहे, पण एका डब्यानं काय आभाळ कोसळतंय? झाकण जरा सैल आहे, इतकंच. संध्याकाळी ताई दारातच हात पुढे करते आणि उभ्या उभ्या फस्त करते.

२ एप्रिल
ताईला कणकण आहे, पाठ दुखतेय. उगाच बाऊ करू नकोस म्हणाली. बिचारीला बरं वाटावं म्हणून आज दुप्पट कलिंगड नेलं.

६ एप्रिल
वरच्या कप्प्यातली जंतूची बाटली पाझरलीय. ओघळ खाली, माझ्या डब्याच्या जागेवर. वाळलेला. म्हणजे बरेच दिवस—
मॅडमना विचारलं, गरोदर बाईला आपल्या जंतूचा संसर्ग झाला तर? म्हणाल्या, आईला नुसती कणकण येते. तो वार ओलांडून बाळाकडे जातो.
तशीच धावत सुटले. डॉक्टरांना सगळं सांगितलं. ताईला नाही.

७ एप्रिल
सलाईनमधून औषध सुरू आहे. बाळ सकाळपासून हललेलं नाही. ताई पोटावर हात ठेवून—

८ एप्रिल
मुलगी होती.
नखंसुद्धा आली होती.

१२ एप्रिल
ताई घरी आलीय. भाऊजी पाळण्याचे खिळे काढतायत. डबा पाच वेळा घासला मी. त्यानं दार फोडलं नाही. मीच रोज, हसत, माझ्या हातानं—
ताई आज पहिल्यांदा बोलली. माझा हात धरून म्हणाली, “तू होतीस म्हणून गं. तेवढंच सुख मिळालं मला.”
आता सांगतेच. आत्ता. हाक मारतेय ती. घशाला कोरड पडलीय म्हणते, थोडं थंड कलिंगड—